निकालानंतर

(युवक व पालकांसाठी पाठ. घरी वाचून यावे : १ राजे १९:१-१८)



इंजिनिअरिंगच्या सेमिस्टरचे निकाल लागले की पुढच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये दोन-चार चेहरे दिसेनासे होतात. एरवी युवकांच्या मिस्साला गायनवृंदात गिटार वाजवणारा मुलगा एकाएकी सकाळच्या पहिल्या मिस्साला येतो, मागच्या खांबाआड उभा राहतो आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून जातो. कारण त्याला ठाऊक असते, मिस्सा सुटल्यावर आवारात कोणीतरी विचारणारच, "काय रे, रिझल्ट लागला ना? पॉइंटर किती?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याला बोलायला विषय हवा असतो इतकेच. पण त्या एका प्रश्नापायी तो मुलगा प्रभूच्या घरातून चोरासारखा बाहेर पडतो. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिक्स शिकवत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांचा तो नावडता विषय. त्यामुळे निकालाच्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी उभी असलेली मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांतली निम्मी तरी अशी, की ज्यांना दहावी-बारावीत कधी ऐंशीच्या खाली गुण पडलेले नव्हते.

पालकांनी हे नीट समजून घ्यावे असे मला वाटते. बारावीपर्यंत वर्गातला पहिला-दुसरा असलेला मुलगा इंजिनिअरिंगला जातो, तेव्हा त्याच्या वर्गात साठजण तसेच पहिले-दुसरे असतात. शिवाय क्लासमध्ये पाठ करून घेतलेली उत्तरे तिथे चालत नाहीत. गणित ओळखीचे नसते, ते उभेच स्वतः करायचे असते. आपल्या भागातली जी मुले मराठी माध्यमातून आलेली असतात त्यांचा त्रास आणखी वेगळा. विषय समजलेला असतो, पण थिअरीच्या पेपरात इंग्रजीत चार ओळी लिहिताना हात अडतो. त्यात विरार लोकलचा रोजचा प्रवास. संध्याकाळी सातला घरी आलेल्या मुलाकडून "आता चार तास अभ्यास कर" ही अपेक्षा आपण करतो, ती आपण स्वतः कामावरून आल्यावर पाळू शकलो असतो का, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे.

हे सांगताना मुलांना सूट देण्याचा माझा हेतू नाही. मोबाइलवर रात्री दोनपर्यंत जागून केटी आणणारेही मी पाहिले आहेत. पण निकालाच्या संध्याकाळी आई-वडिलांना या दोन मुलांतला फरक दिसत नाही, कारण दोघांचीही मान खाली असते.

आता बायबलकडे वळू. एलिया संदेष्ट्याची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती कुठून सुरू होते याकडे आपले लक्ष जात नाही. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एलियाने बाल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर देवाचे सामर्थ्य प्रकट केले होते. सगळे लोक जमिनीवर पालथे पडले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर तो बोर्डात पहिला आला होता. आणि लगेच पुढच्या पानावर हाच एलिया ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. आपण आपल्या वाडवडिलांपेक्षा काही बरे नाही, असे तो म्हणतो. यशाच्या पाठोपाठ आलेली निराशा अशीच असते. ज्याला कधी अपयश माहीत नाही, त्याला पहिलेच अपयश शेवटचे वाटते.

देवाने त्या वेळी काय केले ते पाहा. एलियाला बोल लावला नाही. कर्मेल डोंगराची आठवण करून दिली नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला हात लावून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, तेव्हाही पुन्हा जेवायलाच सांगितले, कारण पुढचा प्रवास त्याच्या शक्तीबाहेरचा होता. प्रश्न विचारला गेला तो चाळीस दिवसांनंतर, होरेब पर्वतावर. शेजाऱ्याच्या मुलाचा पॉइंटर तर कुठेच आला नाही.

निकालाच्या संध्याकाळी घरात हाच क्रम राखता आला तर फार बरे होईल. त्या दिवशी जेवण आणि झोप. चौकशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागते. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला एम-३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात, नापास झालो होतो. माझी आई वाडीतली भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची आणि त्या पैशातून माझी फी भरायची. तिला कसे सांगणार? निकाल अजून लागलाच नाही, असे मी अकरा दिवस सांगत राहिलो. उशिरा घरी यायचे, ताट झाकून ठेवलेले असायचे, ते एकट्याने जेवायचे आणि झोपायचे. शेवटी गाडीतल्या दुसऱ्या बाईकडून तिला कळले. मला वाटले, आता आकाश कोसळणार. ती म्हणाली, "नापास झालास त्याचं नाही रे मला. अकरा दिवस तू एकटा जेवलास, ते मला कळलं नाही, त्याचं वाईट वाटतं." त्यानंतर ती काही बोलली नाही. डॅडी मात्र आठवडाभर बोलले, तेही खरे आहे.

लपवण्याचा एक परिणाम असा होतो की अर्जाची मुदत निघून जाते. त्या अकरा दिवसांत माझीही गेली होती. म्हणून मुलांनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. मुंबई विद्यापीठात आणि बहुतेक स्वायत्त कॉलेजांत उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्जही करता येतो. दोन्हींना ठराविक दिवस असतात आणि शुल्क असते. नियम प्रत्येक कॉलेजचे वेगळे, तेव्हा मित्राने सांगितले त्यावर न जाता परीक्षा विभागाची नोटीस स्वतः वाचा. पैसे भरायचे तर घरी सांगावेच लागते. तेवढ्यासाठी तरी सांगा.

फोटोकॉपी मागवावी, ती फक्त दोन गुण वाढवून मिळतील म्हणून नव्हे. ती हातात आली की लाल पेन घेऊन बसावे आणि गेलेला प्रत्येक गुण कशाने गेला ते बाजूला लिहावे. प्रश्न सोडलाच होता का? पद्धत बरोबर होती आणि आकडेमोड चुकली का? उत्तर माहीत होते पण वेळ पुरला नाही का? की मुळात काहीच समजले नव्हते? मी शिकवत असताना नापास झालेल्या मुलांना हे करायला लावत असे. "सर, मला मेकॅनिक्स जमतच नाही" म्हणणाऱ्या एका मुलीच्या पेपरात असे दिसले की तिचे घर्षणाचे आणि बलांच्या समतोलाचे प्रश्न बरोबर होते. शेवटचे दोन प्रश्न तिने उघडलेच नव्हते, कारण पहिल्या प्रश्नावर तिने पाऊण तास घालवला होता. तिचे दुखणे घड्याळाचे होते. मेकॅनिक्सला ती उगाच दोष देत होती. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन, दार लावून, तीन तासांचा गजर लावून तिने पाच पेपर सोडवले आणि पुढच्या खेपेला ती सुटली. २०१२ नंतरच्या क्रेडिट पद्धतीत अनेक वर्षे मुंबईला ८० गुणांचा लेखी पेपर आणि त्यात पास व्हायला ३२ गुण असे गणित होते. ३२ला दोन-तीन कमी पडलेला मुलगा स्वतःला "काहीच येत नाही" म्हणतो, तेव्हा तो खोटी साक्ष देत असतो, स्वतःविरुद्ध.

अभ्यासाविषयी एकच सांगतो, कारण बाकीचे तुम्हांला क्लासवाले सांगतात. सोडवलेले गणित वाचणे म्हणजे गणित करणे नव्हे. वाचताना सगळे समजते. वही बंद करून कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा करून पाहा. जिथे हात थांबेल, तिथून तुमचा अभ्यास सुरू होतो.

पॉइंटरचेही थोडे गणित करू. समजा पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये ५.८ पॉइंटर पडला. सगळ्या आठ सेमिस्टरचे क्रेडिट साधारण सारखे धरले आणि शेवटी एकूण ७ हवा असेल, तर उरलेल्या सहा सेमिस्टरमध्ये सरासरी ७.४ लागतो. कठीण आहे, पण आकाशातला तारा नाही. किंवा उलटे पाहा. सात सेमिस्टरला ७.५ असताना एकच सेमिस्टर घसरून ५ वर आले, तर एकूण ७.१९ राहतो. रात्री अंथरुणात पडून "माझे करिअर संपले" म्हणण्यापेक्षा कागदावर ही बेरीज करावी. बेरीज खोटे बोलत नाही आणि रडतही नाही.

खरे तेही सांगितले पाहिजे. कॅम्पसला येणाऱ्या पुष्कळ कंपन्या ६० टक्के किंवा ठराविक पॉइंटर मागतात, आणि केटी शिल्लक असलेल्याला बसू देत नाहीत. ते दार काही काळ बंद होते. पण सगळीच दारे बंद होत नाहीत. गेट परीक्षेला बसायला किमान टक्केवारीची अट नाही, तिथे त्या परीक्षेचा स्कोअर पाहिला जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, पदवीचा वर्ग लागत नाही. आणि आपल्या वसईतच वर्कशॉप, वायरिंग, बांधकाम यांत नाव काढलेल्या माणसांना विचारा, गिऱ्हाईक त्यांची गुणपत्रिका मागते का.

होरेबवरच्या गोष्टीत पुढे एक बारीक जागा आहे. देव एलियाला विचारतो, तू इथे काय करतोस? एलिया गाऱ्हाणे सांगतो, मी एकटाच उरलो. वारा, भूकंप, अग्नी होऊन जातात आणि मंद वाणी येते. पुन्हा तोच प्रश्न. आणि एलिया पुन्हा शब्दाला शब्द तेच गाऱ्हाणे सांगतो. साक्षात देवदर्शनानंतरही त्याचे रडगाणे बदलले नाही! तरी देव वैतागला नाही. त्याने एलियाला काम दिले. अमक्याला अभिषेक कर, तमक्याला कर, अलीशाला बरोबर घे. आणि जाता जाता कळवले की तू एकटा नाहीस, इस्राएलमध्ये आणखी सात हजार आहेत. आपली मुले तेच गाऱ्हाणे दहादा सांगतात तेव्हा आपण दुसऱ्या वेळीच म्हणतो, "झालं तुझं परत सुरू." माझ्याकडूनही हे झाले आहे.

ते सात हजार आपल्या धर्मग्रामातही आहेत. केटी सोडवून आज चांगल्या नोकरीत असलेले, मधेच इंजिनिअरिंग सोडून दुसरीकडे वळलेले. ते सांगत नाहीत म्हणून प्रत्येक नव्या मुलाला वाटते की नापास झालेला मी पहिलाच. वार्षिक गुणगौरव समारंभात आपण फक्त पहिल्या वर्गात आलेल्यांना व्यासपीठावर बोलावतो. ते योग्यच. पण तिथे एखाद्या वर्षी केटीवाल्या सीनियरलाही दोन शब्द बोलू दिले तर समोर बसलेल्या कितीतरी मुलांचा श्वास मोकळा होईल, असे मी पालकीय मंडळाला सुचवतो.

संतांमध्येही असा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लो अकुतिस याच्याबरोबर पिएर जॉर्जो फ्रासाती याला संत म्हणून घोषित केले. कार्लोची चित्रे सगळीकडे लागली, फ्रासाती जरा मागे राहिला. तो १९०१ साली इटलीतल्या तुरीन शहरात जन्मला. वडील मोठ्या वृत्तपत्राचे मालक, सिनेटर, पुढे जर्मनीत राजदूत. मुलगा मात्र शाळेत लॅटिनमध्ये नापास झालेला. खाणकामगारांमध्ये राहून काम करता यावे म्हणून त्याने १९१८ मध्ये तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये खाण-इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. अभ्यास त्याला जड जाई. त्याने तो टाळला नाही, पण परीक्षा लांबत गेल्या. वडिलांना वाटे, हा मुलगा आपल्या कामाचा नाही. तो ट्रामचे पैसे गरिबांना देऊन पायी घरी येतो, जेवायला उशीर करतो, एवढेच घरच्यांना दिसे. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेतर्फे तो ज्या झोपड्यांत जात होता, त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. ४ जुलै १९२५ रोजी पोलिओने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि पदवीच्या दोन परीक्षा बाकी होत्या. अंत्ययात्रेला रस्त्यात गरिबांची एवढी गर्दी लोटली की आपला मुलगा कोण होता हे आई-वडिलांना त्या दिवशी समजले. मी स्वतः बाप आहे, म्हणून या गोष्टीत मला मुलापेक्षा वडिलांचीच जास्त काळजी वाटते. घरात राहणाऱ्या मुलाची ओळख त्यांना परक्या माणसांकडून झाली.

आणि आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया? येशूसंघीयांबरोबर जपानमध्ये त्याने अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले, पण संघात प्रवेश मिळण्याची त्याची आशा काही पुरी झाली नाही. तो व्यापारात शिरला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांचे पथक जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून हाच गोन्सालो हवा होता, कारण नाकारल्या गेलेल्या वर्षांतच तो जपानी शिकला होता. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर त्याने प्राण दिले. आपण दरवर्षी त्याचा सण करतो, पण त्याच्या आयुष्यातल्या त्या "नाही"बद्दल फारसे बोलत नाही.

दोन नाजूक गोष्टी उरल्या. पहिली, काही मुले मला विचारतात, नापास झालो हे पाप आहे का? नाही. आळस केला, खोटे बोललो, फीचे पैसे दुसरीकडे उडवले, तर त्याचा पापस्वीकार करावा. एम-३ चा पापस्वीकार नसतो. शाखा चुकली आहे असे दोन-तीन सेमिस्टरनंतरही प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ती बदलणे किंवा इंजिनिअरिंग सोडणे हेही पाप नाही. मात्र हा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नये आणि एकट्याने घेऊ नये. शैक्षणिक कर्ज असेल तर आधी बँकेत जाऊन हप्त्यांचे काय होईल ते विचारावे.

दुसरी गोष्ट, एलियाने मरण मागितले होते. ते शब्द बायबलने लपवले नाहीत, आपणही लपवू नयेत. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, "माझा काही उपयोग नाही" असे म्हणत असेल, तर त्याला नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका. जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फादरांना बोलवा, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. मुलांनो, हा नंबर तुमच्यासाठीही आहे, आणि वर्गात गप्प झालेल्या तुमच्या मित्रासाठीही. देवाने एलियाची प्रार्थना ऐकली, पण त्याने मागितले ते दिले नाही. भाकर दिली.

या आठवड्यात घरी जेवणाच्या वेळी यावर बोलावे. पालकांनी आपल्या स्वतःच्या एखाद्या अपयशाची गोष्ट मुलांना सांगावी, पूर्वी सांगितली नसेल अशी. मुलांनी सांगावे की निकालाच्या दिवशी घरात कोणते वाक्य ऐकायला त्यांना भीती वाटते. आणि आज मिस्सानंतर आवारात एखादा विद्यार्थी भेटला, तर निकालाखेरीज त्याला दुसरे काय विचारता येईल, हे चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता ठरवावे.

पुढील रविवारच्या पाठासाठी लूक ५:१-११ वाचून यावे. ज्यांची केटी आहे त्यांनीही यावे, गिटारवाल्याने तर नक्की.